मान नसलेलं थ्री-नॉट-थ्री: आजोबांच्या ट्रंकेतल्या काडतुसांबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सातारा जिल्ह्यातल्या गावच्या घरी, गोठ्यावरच्या माळ्यावर आजोबांची लोखंडी ट्रंक निघाली. तिच्यात एका कापडी थैलीत चार पितळी काडतुसं होती. तीन एकसारखी आहेत: सरळसोट, तोंडाकडे किंचित निमुळती, टोकाला शिशाची गोल गोळी, बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरं, ‘५२’ हा आकडा, बाकीचं झिजलेलं. चौथं बाटलीसारखं मान असलेलं आहे, पण त्याला गोळीच नाही. तोंड पाकळ्या पाडून मिटलेलं, बुडावर पुन्हा ‘के’, ‘एफ’, ‘४४’ आणि बहुतेक ‘एच’, आणि मानेवर एक उभी चीर. घरात सगळे समजतात की मराठा लाइट इन्फन्ट्रीतले आजोबा इटलीच्या लढाईतून ही आठवण घेऊन आले. गावातल्या एका माजी सैनिकांनी तीन काडतुसांना ‘दमदम’, म्हणजे अंगात शिरून पसरणाऱ्या गोळीची, ठरवलं. चुलतभाऊ म्हणतो, गावठी आहेत, कुणीतरी लेथवर बनवलेली. तुम्हाला हवंय ते असं: ही कुठली, कशासाठीची, आणि घरात ठेवली तर चालतील का.

उत्तरात शिरण्याआधी एकच विनंती. वाचून होईपर्यंत त्यांना हात लावू नका. ब्रासोने चकाकवू नका, गोळी हलते का बघू नका. कारण पुढे येईलच.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की आजोबा सेहेचाळीस साली सैन्यातून परत आले आणि नंतर येरवड्याच्या तुरुंगात शिपाई होते, ‘पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा’. माझी नोकरी दारूगोळ्याच्या तपासणीत गेली, आणि निवृत्तीनंतरही लोक असे फोटो पाठवतात, म्हणून सांगतो: तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे.

सोप्या भागापासून सुरुवात करू. बुडावरचा शिक्का काय सांगतो? ‘केएफ’ म्हणजे खडकी, तेव्हाची किरकी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, आजही चालू आहे, आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली येतो. दोन आकडे म्हणजे तयार झाल्याचं वर्ष. म्हणजे तीन काडतुसं १९५२ची आणि चौथं १९४४चं. इटलीतली लढाई १९४५च्या मे महिन्यात संपली. १९५२ साली पुण्याजवळ तयार झालेली वस्तू आजोबा इटलीहून आणू शकत नाहीत. घरातल्या कथेचा तेवढा भाग इथेच गळून पडतो. पण ‘४४’ असलेल्या चौथ्याबद्दल अजून काही म्हणत नाही.

शिक्क्यावर इथपर्यंतच भरवसा ठेवा. तो कारखाना सांगतो, वर्ष सांगतो, कधी कधी प्रकार सांगतो. माल कुठे गेला, कुणाच्या हातात होता, हे सांगत नाही. युद्धाच्या काळात तर अजिबातच नाही. एकाच पलटणीच्या पेटीत वेगवेगळ्या देशांचा माल असायचा. लोक ‘डीआय’ पाहून गोंधळतात, तो बंगालमधला दमदम कारखाना. ‘आरजी’ म्हणजे इंग्लंडमधलं रॅडवे ग्रीन, ‘एमएफ’ म्हणजे ऑस्ट्रेलियातलं फुट्सक्रे. .३०३सारखं, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसासारखं दिसणारं पण अनोळखी शिक्क्याचं काडतूस ब्रह्मदेशातून परतलेल्या सैनिकाच्या घरी निघालं, तर ते जपानी नौदलाचं ७.७ मिमी असू शकतं. त्यांनी ब्रिटिश लुईस आणि व्हिकर्स मशीनगन उचलल्या तसं त्यांचं काडतूसही जसंच्या तसं उचललं होतं. इटलीच्या विमानांवरच्या ब्रेडा मशीनगनचंही तेच. गोव्यात किंवा दोडामार्ग-सावंतवाडीकडे ‘एफएनएम’ दिसलं तर तो पोर्तुगीज कारखाना. आणि ‘ओएफव्ही’ म्हणजे आपलं भुसावळजवळचं वरणगाव, तो कारखानाच साठच्या दशकातला, म्हणून महायुद्धाचा प्रश्नच येत नाही.

आता खरा प्रश्न. तीन काडतुसं सरळ का आहेत?

तुम्ही व्हर्निअरने माप घेऊन दिलंत ते फार बरं झालं (पुन्हा घेऊ नका). बुडाची कडा १३.७ मिमीच्या आसपास, कडेच्या वरचं अंग साडेअकरा-पावणेबारा. ही मापं .३०३ची आहेत, अगदी तंतोतंत. .३०३ म्हणजे १८८८ पासून ब्रिटिश आणि पुढे आपल्या फौजेचं नेहमीचं काडतूस, ज्याला सगळे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात. त्याचं अंग जाड असतं, वर खांदा असतो, मग बारीक मान आणि मानेत सुमारे ७.९ मिमीची गोळी. तुमच्या तिघांना खाली .३०३चं बूड आहे, वर मात्र ना खांदा ना मान.

असं दिसणाऱ्या वस्तूच्या चार शक्यता मी तपासतो, आणि प्रत्येक वेळी चारही तपासतो, कारण फोटोत त्या एकमेकींसारख्या दिसतात.

पहिली, अर्धवट राहिलेला माल. काडतुसाची पुंगळी पितळेच्या वाटीपासून बनते. वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब करायची, मधे मधे तापवून नरम करायची, बूड ठोकून त्यावर शिक्का मारायचा, आणि सगळ्यात शेवटी खांदा आणि मान बसवायची. मान बसण्याआधीच बाजूला पडलेली पुंगळी सरळच असते. पण अशा पुंगळीला टोपी नसते, म्हणजे आघाताने पेटणारी ती बुडातली छोटी कॅप, आणि गोळी तर नसतेच. तुमच्या तिघांना दोन्ही आहेत. ही शक्यता बाद.

दुसरी, चुकीच्या बंदुकीत उडून फुगलेली पुंगळी. ती उडालेली असते, टोपीवर बंदुकीच्या पिनचा, म्हणजे टोपीवर आपटणाऱ्या टोकाचा, खड्डा असतो. तुमच्या फोटोत टोप्या सपाट आहेत. बाद.

तिसरी, तुमच्या चुलतभावाची. जुनी .३०३ची पुंगळी घेऊन कुणीतरी मान उघडली आणि घरगुती गोळी बसवली. असं काम मी पाहिलंय. त्याच्या खुणा लपत नाहीत. तोंडाची कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कानशीचे ओरखडे, गोळी किंचित कललेली, आणि मुख्य म्हणजे तीन नग एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचे तिन्ही नग शेजारी ठेवल्यावर एका साच्यातून निघालेले दिसतात, गोळी सारख्या खोलीवर, टोपीभोवतीचं ठोकलेलं कडं सारखं. हे कारखान्याचं काम आहे. फोटोवरून मी हे ऐंशी टक्के खात्रीने म्हणतो. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी वस्तू हातात घेणारा माणूस लागतो, आणि तो कोण असावा हे शेवटी सांगतो.

चौथी शक्यता, जी मला बरोबर वाटते: हे .४१० मस्केटचं काडतूस आहे.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांनी ही बंदूक पाहिली आहे, पण पाहिली आहे हे त्यांना माहीत नाही. तुरुंगाच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या हातात दिसायची ती लाकडी दस्त्याची, लांबून थेट थ्री-नॉट-थ्रीसारखी. ती मुळात थ्री-नॉट-थ्रीच होती. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात जुन्या ली-एनफिल्ड रायफली घेऊन नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, काढून टाकले, नळी आतून गुळगुळीत आणि .४१० इंचाची, म्हणजे सुमारे १०.४ मिमीची केली, आणि मॅगझिनच्या (एकावेळी अनेक काडतुसं भरायच्या पेटीच्या) जागी लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच काडतूस हाताने घालायचं. बोल्ट तोच, कडा पकडणारा आकडा तोच, म्हणून काडतुसाचं बूडही .३०३चंच ठेवलं. कारखान्याला सोपं गेलं, त्याच यंत्रांवर पुंगळी ओढायची आणि मान बसवायची पायरी गाळायची. आत शिशाची एक गोळी, किंवा छर्रे. तुरुंगाचे पहारे आणि पोलीस ही त्याची गिऱ्हाइकं. ब्रिटिशांनी सुरू केलेली ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही तशीच चालू राहिली, म्हणून शिक्क्यावर ५२ आहे याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही.

आता कुणीही विचारेल, चांगली रायफल घेऊन ती बिघडवायची कशाला? हा प्रश्न मला या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक वाटतो. आणि भारतात बनलेलं विचित्र काडतूस ओळखताना मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. ते कोणत्या बंदुकीत बसतं हे नंतर, आधी ते कोणत्या बंदुकीत *बसू नये* म्हणून असं केलंय, ते बघायचं.

.४१०चं काडतूस सैन्याच्या .३०३ रायफलीत घालून पाहा (कल्पनेतच), ते आत जाणार नाही. जिथे रायफलीचा कोठा (काडतूस बसायची जागा) मानेसाठी अरुंद होतो तिथे ते अडकतं. म्हणजे पोलिसांच्या कोठारातून काडतुसं पळवली तर रायफल असलेल्याला ती निरुपयोगी. उलट बाजूने, पहारेकऱ्याच्या हातून मस्केट हिसकावली तर? .३०३ची काडतुसं तेव्हा सगळीकडे होती, पण पावणेआठ-आठ मिमीची गोळी साडेदहा मिमीच्या गुळगुळीत नळीतून खुळखुळत जाणार, नेम कसला आणि जोर कसला. पळवलेली बंदूक काही पावलांपलीकडे बिनकामाची. शिवाय एका वेळी एकच बार. दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला तेवढं पुरतं, बंड करणाऱ्याला पुरत नाही. सरकारला नेमकं हेच हवं होतं.

हा विचार एकट्या .४१०चा नाही. १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठी एनफिल्डचीच एक आवृत्ती काढली, १८५८ची, जिच्यात .५७७ची नळी .६५६ इंचाची करून आटेच काढून टाकले होते. गोऱ्या पलटणींच्या हातात आट्यांची रायफल, हिंदी पलटणींच्या हातात दिसायला तीच पण गुळगुळीत मस्केट. पुढे गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी सैन्याला स्नायडर, आणि गोऱ्यांकडे मॅगझिनची ली-मेटफर्ड आली तेव्हा हिंदी सैन्याला मार्टिनी. एक पिढी मागे. १९०७ साली तर शिकाऱ्यांनाही झळ बसली. .४५० बोअरचा (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) दारूगोळा भारतात आणि सुदानात आणायला बंदी केली, कारण बंडखोरांच्या हातात त्या बोअरच्या जुन्या मार्टिनी होत्या. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं काढली. आज संस्थानिकांच्या जुन्या वाड्यांत या चमत्कारिक मापांच्या शिकारी रायफली दिसतात त्या या हुकुमापायी. पहिल्या महायुद्धानंतर इजिप्तच्या पोलिसांसाठी ग्रीनर कंपनीने बंदूक बनवली, तीही अशीच: मुद्दाम वेगळ्या आकाराचं काडतूस, आणि लोक त्यावरही तोड काढायला लागले तेव्हा पिनच बदलली, म्हणजे खास खळगा असलेल्या बुडाशिवाय बार उडणारच नाही. ईशापूर-खडकीची .४१० याच घराण्यातली. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही ती बंद केली नाही. तुरुंगरक्षकाच्या हातातून बंदूक हिसकावली जाण्याची भीती झेंडा बदलल्याने जात नाही.

म्हणून तुमच्या पत्रातलं येरवड्याचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. १९५२चं खडकीचं .४१० मस्केटचं काडतूस आणि पन्नाशीच्या दशकात येरवड्याला तुरुंगशिपाई असलेला माणूस, यांच्यामध्ये इटली घुसवायची काहीच गरज नाही. खडकी आणि येरवडा तशीही हाकेच्या अंतरावर. आजोबांनी ती का ठेवली, पहाऱ्यावरून उतरताना खिशात राहिली का आणखी काही, हे काडतूस बघून कुणालाही सांगता येणार नाही, आणि मी अंदाजही करणार नाही.

माजी सैनिकांच्या ‘दमदम’बद्दल दोन शब्द, कारण शिशाचं टोक दिसलं की हा शब्द हमखास येतो. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने जी गोळी काढली ती .३०३चीच होती. वायव्य सरहद्दीवर तक्रार होती की धातूचं पूर्ण आवरण असलेली नवी गोळी माणसाच्या आरपार जाते आणि धावून येणारा थांबत नाही. म्हणून त्याने आवरण टोकाशी उघडं ठेवलं. आतलं शिसं थोडं बाहेर दिसायचं आणि अंगात शिरल्यावर पसरायचं. १८९९च्या हेग परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. म्हणजे दमदम गोळी ओळखायची तर मान असलेलं .३०३, धातूचं आवरण, आणि टोकापुरतं उघडं शिसं, असं हवं. तुमच्या गोळ्यांना आवरणच नाही, त्या अख्ख्या शिशाच्या आहेत, पुंगळीला मान नाही आणि साल १९५२. साधी शिशाची गोळी तर बंदुकीइतकीच जुनी आहे. तिला दमदम म्हणत नाहीत.

चौथ्या नगाकडे येऊ. तो साध्या .३०३चा भाऊबंद आहे, पण गोळी नसलेला. पाकळ्या पाडून मिटवलेल्या तोंडाचे दोन मुख्य प्रकार. एक म्हणजे ब्लँक, सरावात आणि सलामीत नुसता आवाज काढायला. ब्रिटिश पद्धतीत त्याच्या बुडावर ‘एल’ असायचं. दुसरा म्हणजे रायफलीने ग्रेनेड फेकण्याचं काडतूस, त्यावर ‘एच’. रायफलीच्या तोंडावर लोखंडी पेला बसवायचा, त्यात ३६ नंबरचा मिल्स ग्रेनेड, आणि खाली हे काडतूस. त्यातल्या जोरदार दारूच्या वायूने ग्रेनेड हाताने फेकता येतो त्याच्या कितीतरी पलीकडे जाऊन पडायचा. त्यासाठी ग्रेनेडला सात सेकंदांची वात वापरत. हाताने फेकायच्या ग्रेनेडची पुढे चार सेकंदांची झाली होती. (तिसरा एक प्रकार म्हणजे कवायतीचं काडतूस. त्यावर ‘डी’ असतं आणि अंगावर खाचा किंवा भोकं, कुणाला चुकूनही खरं वाटू नये म्हणून. तुमच्याकडे तसलं नाही.) तुमचं अक्षर ‘एच’च असेल तर हे ग्रेनेडचं काडतूस. फोटोत ते झिजलेलं असल्याने ‘एच’ आणि ‘एल’मध्ये मी शपथेवर निवड करणार नाही. साल १९४४, म्हणजे इथे युद्धाचा दुवा शक्य आहे. पण तो इटलीतला, बेळगावच्या केंद्रातल्या सरावाचा का नंतर कुठल्या कोठारातला, हे आजोबांच्या सेवेच्या कागदांशिवाय ठरत नाही.

त्याच्या मानेवरच्या चिरेने तुम्ही घाबरलात आणि चुलतभावाला वाटलं की ही भेसळीची खूण. तसं नाही. उलट ही चीर आपल्या हवेची सही आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. ओढून, दाबून आकार दिल्यावर त्यात ताण उरतो, आणि सगळ्यात जास्त उरतो तो मानेत. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं: कोरड्या ऋतूत धड असलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, आणि तीही प्रामुख्याने तबेल्यांजवळ ठेवलेली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातूतला ताण, या तिघांची ती करामत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण नीट मांडलं, आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ते ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणून आजही शिकवतात. तुमची ट्रंक गोठ्यावरच्या माळ्यावर किती पावसाळे होती, ते तुम्हीच मोजा. तीन सरळ नगांना मानच नाही, म्हणून त्यांच्यात तो ताण कमी, आणि ते शाबूत राहिले हेही त्यात बसतं.

शिशाच्या गोळीवरची पांढरी भुकटीही तशीच, बंद जागेतल्या आंबट वाफांनी शिसं असं फुलतं. ती विषारी आहे. थैली ज्याने उघडली त्याने हात साबणाने धुवावेत, आणि मुलांना त्या खोलीतून लांब ठेवा.

इतक्या जुन्या वस्तू मेल्या असतील, असं सगळेच म्हणतात. काही मेलेल्या असतात. कुठल्या, ते बाहेरून दिसत नाही. त्या काळच्या .३०३ घराण्यात कॉर्डाइट भरत. शेवयांसारख्या दोऱ्यांची ही दारू, तिच्यात नायट्रोग्लिसरीन असतं. टोपीतलं मिश्रण आघाताने पेटण्यासाठीच केलेलं, आणि जुनं झालं म्हणून ते शहाणं होत नाही. बंदुकीबाहेर काडतूस उडालं तर गोळी फार जात नाही, पण पितळ फाटतं आणि त्याचे तुकडे व टोपी वेगाने उडतात. बोट किंवा डोळा जायला तेवढं पुरतं. म्हणून ब्रासो नको, पक्कड नको, उन्हात ठेवणं नको. गोळी उपसून ‘निकामी’ करणं तर मुळीच नको.

आता ठेवली तर चालतील का. नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बाळगता येत नाही, तो आजोबांचा असला, आठवणीचा असला, तरीही. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. १९६२च्या शस्त्र नियमांच्या (२०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली) अनुसूचीत बंदुकांचे वर्ग पाडले होते. त्यातल्या पहिल्याच वर्गात .३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफलींशेजारी .४१० बोअरची मस्केट नावानिशी लिहिलेली होती. म्हणजे साधा शेतकरी परवाना घरात असला तरी ही काडतुसं त्याच्यात बसत नाहीत. काल-परवापर्यंत तुम्हाला ट्रंकेत काय आहे ठाऊक नव्हतं, आणि न्यायालयं जाणीवपूर्वक ताबा आहे का हे बघतात, ते तुमच्या बाजूचं आहे. पण आता तुम्हाला ठाऊक झालंय, म्हणून दिवस घालवू नका. किंमत किती येईल हे तुम्ही विचारलं नाहीत, चांगलं केलंत, कारण लवकरच कुणीतरी तुम्हाला फोन करून विचारेल. त्याला नाही म्हणा.

काय करायचं: ट्रंक आहे तिथेच राहू द्या, आधी काढलेले फोटो जपून ठेवा, आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ला फोन करून कळवा. काडतुसं खिशात घालून एसटीने ठाण्यात जाऊ नका. ते येऊन पंचनामा करतील, गरज वाटली तर बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावतील. वस्तू हातात घेऊन तपासणारा माणूस मी वर म्हणालो तो हा. तालुक्याचा ओळखीचा वकील असेल तर त्याला आधी एक फोन करा, पोलिसांना लेखी द्यायच्या अर्जाचा मसुदा तोच नीट करून देईल. संग्रहालयाला द्यायची इच्छा असेल तर तीही अर्जात लिहा. काडतुसं निकामी करून देणं न देणं मात्र सरकारच्या हातात, त्याचा भरवसा धरू नका.

आजोबांची गोष्ट जपायची असेल तर ती कागदांत शोधा. सैन्यातून सुटल्याचा दाखला, पेन्शनचे कागद, तुरुंग खात्याचं सेवापुस्तक. १९५२ ते साधारण साठपर्यंत ते येरवड्याला नेमके कुठल्या कामावर होते एवढं सापडलं तरी तीन नगांचा प्रश्न मिटतो. चौथ्यासाठी पलटण आणि १९४४-४५ मधलं ठिकाण लागेल.

आणि अर्जात ‘दमदम’, ‘बॉम्ब’, ‘ग्रेनेड’ असले शब्द लिहू नका, माझा .४१०चा अंदाजही लिहू नका. ‘वारसाने आलेल्या ट्रंकेत अमुक तारखेला चार जुनी पितळी काडतुसं आढळली, बुडावर केएफ ५२ आणि केएफ ४४ असे शिक्के दिसतात, फोटो जोडले आहेत’ एवढं पुरे. अर्ज दोन प्रतींत द्या, आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय घरी परतू नका.